पासबुकातली ११८ रुपयांची ओळ

१७ रुपये ७० पैसे, २३ रुपये ६० पैसे, ५९, ११८, २३६, ५९०. पासबुकात नावे पडलेल्या रकमांत असा आकडा दिसला की मी आधी मोबाइलवर त्याला १.१८ ने भागते. उत्तर १५, २०, ५०, १००, २००, ५०० असं पूर्ण आकड्यात आलं, तर ते बँकेचं शुल्क समजायचं. वरचे १८ टक्के जीएसटीचे. आपण मशीनमधून काढलेले पैसे शंभराच्या पटीत असतात, दुकानात स्कॅन करून दिलेले कसेही असतात. बँकेने कापलेले मात्र या हिशेबात नेमके बसतात. आमच्या गटांतल्या बायकांना हे आकडे आता तोंडपाठ झालेत. बैठकीत पासबुकं उघडली की कुणीतरी म्हणतंच, "ताई, माझ्यात पण एकशे अठरा हाय."

मी डिंभे धरणाच्या फुगवट्यालगतच्या एका गावात राहते. 'उमेद' अभियानात सीआरपी आहे, म्हणजे बचत गटांच्या बैठका घ्यायच्या, वह्या तपासायच्या, कर्जाची फाईल घेऊन घोडेगावला जायचं. तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते मूळ आंबेगाव या धरणाच्या पाण्याखाली गेलं. जलाशयाला नाव मिळालं ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूंचं. आमच्याकडे पैसा येतो तो हंगामाने. उन्हाळ्यात बाळहिरडा वाळवून विकायचा, दिवाळीनंतर भात, मध्ये कुणी मंचर-नारायणगावकडे मजुरीला. बाकीचे महिने खातं कोरडं.

आणि नेमकं हेच बँकेच्या 'किमान सरासरी शिल्लक' या नियमाला मानवत नाही. हा नियम समजून घ्यायला मलाही वेळ लागला, कारण पासबुकात तो कुठेच लिहिलेला नसतो. समजा, एखाद्या खात्यात तिमाहीची सरासरी १,००० रुपये हवी. रोज संध्याकाळी खात्यात किती शिल्लक होती ती मिळवायची आणि ९० दिवसांनी भागायचं. हिरड्याचे ९,००० रुपये खात्यात फक्त दहा दिवस राहिले आणि उरलेले ऐंशी दिवस खातं रिकामं असलं, तरी सरासरी बरोबर १,००० भरते. त्या तिमाहीत दंड नाही. पुढच्या तिमाहीत मात्र आवणीच्या मजुरीला आणि खताला पैसे गेले की सरासरी शून्याकडे. पगारदार माणसाच्या खात्यासाठी केलेला हिशेब हिरडा गोळा करणाऱ्या बाईला लावला की दंड तिच्याच वाट्याला येणार. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाच पैसे नसल्याचा दंड, ही गोष्ट मला अजूनही पटलेली नाही. पण बँकेत 'पटत नाही' या शब्दाला किंमत नसते, म्हणून कागद शोधावे लागले.

ऑगस्ट २०२४. लाडकी बहीण योजनेचे जुलै-ऑगस्टचे मिळून ३,००० रुपये स्वातंत्र्यदिनाच्या आधी खात्यांवर यायला लागले. १७ तारखेला पुण्यात बालेवाडीला मोठा कार्यक्रम झाला. आमच्याकडे रेंज मिळेल त्या टेकाडावर उभं राहून बायका मेसेज बघत होत्या. वाडीतली एक मावशी ग्राहक सेवा केंद्रावर अंगठा लावायला गेली, तर मशीनवर शिल्लक आली १,२३० आणि वर काही पैसे. ती थेट माझ्या दारात. "मपलं पैसं कुणी खाल्लं गं?"

पासबुक छापून आणलं. वर जमा ३,०००. त्याच तारखेला खाली एकापाठोपाठ एक पंधरा ओळी, प्रत्येकी ११८. एकूण १,७७०. खातं काही वर्षांपूर्वी तिने दुसऱ्याच कामासाठी उघडलेलं. २०२० च्या दिवाळीला होते तेवढे पैसे काढले आणि नंतर तिकडे फिरकलीच नाही. रोजचा व्यवहार दुसऱ्या बँकेत. मग पैसे या विसरलेल्या खात्यात का गेले? कारण सरकारी अनुदान खातेक्रमांक बघून येत नाही, आधार बघून येतं. तुमचा आधार क्रमांक ज्या बँकेशी जोडलेला असेल, आणि एका वेळी तो एकाच बँकेशी जोडलेला असतो, तिथे ते जातं. राज्यभर कित्येक बायकांचं असंच झालं. जुनं खातं गप्प पडून होतं, त्यात दर तिमाहीला दंड लिहिला जात होता. वसूल करायला पैसेच नव्हते म्हणून कुणाला कळलं नाही. पहिले पैसे आले आणि साचलेली थकबाकी एका फटक्यात वसूल झाली.

तक्रारी वाढल्यावर महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी ही रक्कम बँकांनी कापू नये, अशा सूचना दिल्याचं सांगितलं. ती बातमी मोबाइलमध्ये घेऊन आम्ही शाखेत गेलो. साहेबांनी शांतपणे पाहिली आणि म्हणाले, "ताई, मी काही कापलेलं नाही. सिस्टीमने कापलंय." ते खोटं बोलत नव्हते. दंड शाखेतला माणूस लावत नाही, मुख्यालयातला संगणक लावतो. पण परत करायची शिफारस मात्र शाखेतूनच जाते, आणि त्यासाठी त्यांच्या हातात कारण लागतं. मंत्र्यांची बातमी हे कारण नव्हतं. रिझर्व्ह बँकेचा नियम हे कारण होतं.

नियम दोन सापडले. पहिला २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकातला, १ एप्रिल २०१५ पासून लागू. किमान शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी ग्राहकाला कळवायचं, एसएमएस, ईमेल किंवा पत्राने. एक महिन्याची मुदत द्यायची. त्या मुदतीत शिल्लक भरली नाही तरच दंड. दंड किती, तर जेवढी रक्कम कमी पडली तिच्या प्रमाणात. आणि केवळ दंडामुळे खातं उणे होता कामा नये. शेवटच्या वाक्याला बँकांनी शोधलेली वाट आमच्या मावशीच्या पासबुकात दिसते: खातं शून्याच्या खाली न्यायचं नाही, पण थकबाकी बाजूला लिहून ठेवायची आणि पैसे आले की उचलायची. कागदावर शून्य, पोटात उधारी. माझ्या मते हे नियमाचं अक्षर पाळून त्याचा जीव काढणं आहे. पण त्या मुद्द्यावर भांडत बसलो असतो तर आम्ही हरलो असतो, म्हणून तो अर्जात शेवटी ठेवला.

दुसरा नियम जास्त धारदार. दोन वर्षं ग्राहकाने स्वतः काही व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय ठरतं, आणि निष्क्रिय खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावायला रिझर्व्ह बँकेने २०१४ पासूनच मनाई केलेली आहे. १ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात ते पुन्हा स्पष्ट केलं आणि असं खातं पुन्हा चालू करायलाही शुल्क घ्यायचं नाही असं म्हटलं. मावशीचा शेवटचा व्यवहार नोव्हेंबर २०२० चा. म्हणजे नोव्हेंबर २०२२ पासून खातं निष्क्रिय. मग जानेवारी २०२३ ते जून २०२४ या सहा तिमाहींचा दंड लागलाच कसा?

अर्ज साध्या कागदावर लिहिला. वर शाखाधिकाऱ्यांचं पद, खाली खातेक्रमांक, विषय 'चुकीने आकारलेले शुल्क जीएसटीसह परत मिळणेबाबत'. पंधरा ओळींच्या रकमा, दोन्ही परिपत्रकांच्या तारखा, आणि एक प्रश्न: प्रत्येक तिमाहीचा दंड लावण्याआधी कोणत्या दिवशी, कोणत्या मोबाइल क्रमांकावर सूचना पाठवली? सोबत पासबुकाची झेरॉक्स. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा आवक शिक्का आणि तारीख. आमच्या बायका तोंडी बोलून येतात, साहेब "बघतो" म्हणतात, आणि महिन्याने ते साहेब बदलून गेलेले असतात. नवा साहेब हिंदी बोलणारा असतो. त्याला जुनं काही माहीत नसतं. शिक्क्याची प्रत मात्र बदलीवर जात नाही. शिक्का मारायला काउंटरवर कुरकुर होते. तेव्हा मी खुर्चीवर बसून राहते.

बँकेने सहा तिमाहींचे ७०८ रुपये जमा केले. उरलेल्या नऊ तिमाहींचे १,०६२ रुपये बरोबर कापलेत, सूचनेचे एसएमएस गेले होते, असं कळवलं. आता गंमत अशी, की खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक मावशीचा नव्हताच. खातं उघडायच्या शिबिरात ज्या पुतण्याने फॉर्म भरला त्याचं तेव्हाचं सिमकार्ड, जे त्याने कधीच टाकून दिलं. त्या नंबरवर पाठवलेला मेसेज मावशीला दिलेली सूचना कसा ठरेल? आम्ही तेच लिहून विचारलं आणि पाठवलेल्या मेसेजची नोंद मागितली. उत्तर आलं नाही. तीस दिवस झाले तेव्हा लोकपालाकडे गेलो.

याला रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना म्हणतात, १२ नोव्हेंबर २०२१ पासूनची. पूर्वी कुठल्या बँकेची तक्रार कुठल्या कार्यालयात, हे शोधावं लागे. आता सगळ्या देशासाठी एकच दार. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, नाहीतर चंदीगडच्या त्यांच्या केंद्राला पोस्टाने अर्ज पाठवता येतो. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. अट एवढीच की आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी आणि बँकेने ती फेटाळलेली असावी, अर्धवट सोडवलेली असावी, किंवा तीस दिवसांत उत्तर दिलेलं नसावं. शिक्क्याची प्रत इथे उपयोगी पडते. तिच्याशिवाय तीस दिवस कुठून मोजणार? तेव्हाच्या नियमाने बँकेचं उत्तर आल्यापासून वर्षभरात तक्रार करावी लागे. आमच्या बाबतीत लोकपालाचा निकाल यायची वेळच आली नाही. तक्रार बँकेच्या वरच्या कार्यालयात पोचली आणि उरलेले १,०६२ जमा झाले. का, कशामुळे, एक ओळही लिहून आली नाही. मावशीला त्याची फिकीर नव्हती. मला होती, कारण लेखी कारण मिळालं असतं तर ते पुढच्या बाईच्या अर्जाला लावता आलं असतं.

वाडीपेक्षा कितीतरी मोठ्या पातळीवर हेच काम एका माणसाने केलंय, आणि ते मुंबईतल्या पवईत बसून. आयआयटी मुंबईत संख्याशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आशिष दास. जनधनसारख्या मूलभूत बचत खात्यांतून स्टेट बँक ऑफ इंडिया महिन्याला चारपेक्षा जास्त वेळा पैसे नावे पडले की प्रत्येक वेळी १७ रुपये ७० पैसे घेत होती. युपीआयने दुकानात पन्नास रुपये दिले तरी. दास यांनी आकडे मांडले: एप्रिल २०१७ ते सप्टेंबर २०२० या काळात किमान १४ कोटी व्यवहारांवर मिळून २५४ कोटींहून अधिक रुपये. रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की या खात्यात चारपेक्षा जास्त वेळा पैसे काढू द्यायचे की नाही हे बँकेने ठरवावं, पण दिले तर त्याचे पैसे घेऊ नयेत. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने बँकांना सांगितलं की १ जानेवारी २०२० पासून डिजिटल व्यवहारांवर घेतलेलं असं शुल्क परत करा. त्यातून सुमारे ९० कोटी रुपये परत गेले. त्याआधीच्या काळातले १६४ कोटी राहिले, असं दास यांच्या नोव्हेंबर २०२१ च्या अहवालात होतं.

मला या गोष्टीत दोन बाजू दिसतात. एक, कुणीही अर्ज न करता लाखो लोकांच्या खात्यात पैसे परत आले. दोन, सरकारी पत्रात जी तारीख लिहिली होती तिच्या एक दिवस आधीचे पैसेही आले नाहीत. १७ रुपये ७० पैशांसाठी कोण भांडणार, हेच या सगळ्याचं बळ आहे. भांडायला घोडेगावला जायचं तर एसटीचं भाडं जवळपास तेवढंच पडतं.

राज्यसभेत ऑगस्ट २०२३ मध्ये तेव्हाचे अर्थ राज्यमंत्री, आपल्या संभाजीनगरचे भागवत कराड यांनी दिलेलं उत्तर वाचलं तर थेंबे थेंबे किती साचतं ते कळतं. २०१८ पासून सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँकांनी किमान शिल्लक नसल्याबद्दल सुमारे २१,००० कोटी, जादा एटीएम व्यवहारांबद्दल सुमारे ८,००० कोटी आणि एसएमएससाठी सुमारे ६,००० कोटी रुपये गोळा केले होते. इंग्लंडमध्ये हेच दुखणं ओव्हरड्राफ्टच्या दंडाचं होतं. लाखो लोकांनी पैसे परत मागितले, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बँकांच्या बाजूने निकाल दिला. लोक हरले. पण तो दंडाचा ठरावीक आकडा २०२० मध्ये तिथल्या नियामकानेच बंद केला. आपल्याकडे स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये बचत खात्यांची किमान शिल्लकेची अट काढली, आणि २०२५ च्या मध्यावर कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा, इंडियन अशा बँकांनीही काढली. अट काढली म्हणजे आधी कापलेले आपोआप परत आले असं नाही, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते.

सगळंच शुल्क अन्यायाचं नसतं, हेही सांगावं लागतं. नाहीतर बायका चिडून साहेबांशी भांडतात आणि खऱ्या अर्जाचीही किंमत जाते. खात्यात पैसे नसताना दर दुसऱ्या दिवशी एटीएममध्ये कार्ड घालून बघणाऱ्या एका पोराला २३ रुपये ६० पैसे कितीदा तरी लागले. ते परत मिळत नाहीत. शिल्लक बघायची तर मिस्ड कॉल द्यावा. फायनान्स कंपनीचा हप्ता खात्यातून वटला नाही की ५९० कापतात, तेही सहसा बरोबरच असतात. उलट मशीनमधून नोटा आल्या नाहीत आणि पैसे मात्र कापले गेले, तर ते पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. न आल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, न मागता, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. अंगठ्याच्या मशीनवरही भरपाई लागू आहे. केंद्रचालकाने पैसे काढून देण्याचे वरचे दहा-वीस रुपये ग्राहकाकडून घ्यायचे नसतात, त्याला बँक कमिशन देते. हे मी लिहितेय खरी, पण पावसात होडीने येणाऱ्या म्हाताऱ्याला त्या दहा रुपयांत घोडेगावचा हेलपाटा वाचतो आणि तो आनंदाने देतो. तिथे मी गप्प बसते.

मे महिन्याच्या शेवटी ४३६ आणि २० रुपये कापलेले दिसले तर ते शुल्क नव्हे, विमा आहे: जीवनज्योती आणि सुरक्षा. सही करून घेतला असेल तर ठेवावा, स्वस्त आहे. न विचारता लावला असेल तर बँकेकडे संमतीची सही दाखवायला सांगावी.

आणि मुळावर इलाज करायचा तर खात्याचा प्रकार बदलून घ्यायचा. मूलभूत बचत खातं म्हणजे बीएसबीडी. जनधन हे त्यातलंच. यात किमान शिल्लक शून्य, एटीएम कार्डाचं वार्षिक शुल्क नाही, महिन्याला चार वेळा पैसे काढणं फुकट. हे खातं फक्त गरिबांना असं नाही, कुणीही मागू शकतं. साधं खातं लेखी अर्जाने यात बदलून मिळतं. त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही एवढंच. जनधन खात्यावर तर १०,००० रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्टची सोय आहे, त्यातले २,००० विनाअट, असं योजनेत लिहिलंय. आमच्या वाडीत तो कुणाला मिळालेला मी पाहिला नाही. न मागता उधारी लिहून ठेवलेलं खातं मात्र घराघरात सापडतं.

जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत ज्यांची खाती आहेत त्यांना लोकपालाचं दार नव्हतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून तेही उघडलं. पतसंस्था यात नाहीत, त्यांची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे. आणि कुठेच दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी नाही.

सध्या माझ्या पिशवीत एका मुलीचं पासबुक आहे. आश्रमशाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं खातं, आता ती मंचरला कॉलेजात. दर तिमाहीला १७ रुपये ७० पैसे एसएमएसचे, आणि एकही एसएमएस आलेला नाही. २०१३ चं परिपत्रक सांगतं की एसएमएसचं शुल्क प्रत्यक्ष पाठवलेल्या मेसेजच्या हिशेबाने घ्यावं, सरसकट नव्हे. तिने अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहिलाय, माझ्यापेक्षा चांगला. आवक शिक्का मारून घेतलाय. शाखेने अजून उत्तर दिलेलं नाही, आणि तीस दिवस पुरे व्हायला अजून अवकाश आहे.